दोन दगडांची पिशवी: दुकान, आडत आणि उधारी शास्त्राप्रमाणे कशी चालवावी

बायबलमधल्या अनुवाद २५:१३-१४ ची आज्ञा जेमतेम दोन ओळींची आहे. पिशवीत एक मोठा आणि एक लहान असे दोन दगड बाळगायचे नाहीत, घरात एक मोठा आणि एक लहान असे दोन एफे (धान्य मोजायची मापं) ठेवायचे नाहीत. त्या काळी वजनं दगडाची असत आणि व्यापारी ती पिशवीत घेऊन फिरे. माल घेताना मोठा दगड, देताना लहान, मधला फरक गल्ल्यात. लक्षात घ्या, वापरण्याच्या आधीच, बाळगण्यावरच बंदी आहे. आपल्याकडच्या २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्यातही खोटं वजन वापरासाठी नुसतं ठेवलं तरी तो गुन्हाच.

दशमांश (देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) किती द्यावा यावर मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जेवढी चर्चा होते, तिच्या पासंगालाही काट्याची चर्चा पुरत नाही. शास्त्र मात्र या बाबतीत फार बारकाईत शिरतं. लेवीय १९:३५-३६ मध्ये लांबी, वजन आणि माप या तिन्हींचा वेगवेगळा उल्लेख आहे. यहेज्केल संदेष्ट्याला झालेल्या मंदिराच्या दर्शनात मध्येच, ४५ व्या अध्यायात, चक्क वजनमापांचा तक्ता येतो: वीस गेरांचा एक शेकेल, दहा एफ्यांचा एक होमर. शेकेल साधारण ११ ग्रॅमचा, म्हणजे आपल्या जुन्या तोळ्याहून किंचित कमी. एफा सुमारे २२ लिटरचा.

जालना-परभणीच्या मोंढ्यात आडत असो, आठवडी बाजारात भाजीची पाटी असो की गल्लीत किराणा, नियम एकच धरायचा: ज्या मापाने घेतलं त्याच मापाने द्यायचं. खाली जे सांगितलंय ते सगळं या एका नियमावर घासून बघता येतं.

काटा आधी

इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी, लोखंडी वजनं आणि दांडीच्या तराजूची दर २४ महिन्यांनी. प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं लावा. पण वर्षातून एकदा शिक्का मारून घेतला म्हणजे वर्षभर काटा खरा राहिला असं नाही. आठवड्यातून एकदा, दुकान उघडल्यावर दहा मिनिटं काढा:

१. काट्याचा लेव्हलचा बुडबुडा गोलाच्या मध्यभागी आणा. फळी कलती असली की पुढचं सगळं वाया.
२. काटा सुरू करून पाच-दहा मिनिटं तसाच राहू द्या. मग रिकाम्या पारड्यावर शून्य येतं का बघा. वरचा पंखा बंद करून पुन्हा बघा. पंख्याच्या वाऱ्याने हलकं पारडं दबतं आणि शून्य डुलतं.
३. शिक्क्याचं १ किलोचं वजन मध्यभागी ठेवा, मग चारही कोपऱ्यांवर. पाचही वेळा आकडा एकच यायला हवा. कोपऱ्यावर वेगळा आला तर पारड्याखाली साखर किंवा गूळ साचलाय का ते बघा. बहुतेक वेळा तेच निघतं. तसं नसेल तर लोडसेल (काट्यातला वजन ओळखणारा भाग) गेलाय.
४. हेच ५ किलोवर आणि १० किलोवर करा. छोट्या वजनाला खरा आणि मोठ्या वजनाला खोटा असेही काटे असतात.
५. वजन काढल्यावर आकडा शून्यावर परत येतो का, ते बघा.

किराणा दुकानातला नेहमीचा काटा ३० किलोचा आणि ५ ग्रॅमच्या टप्प्याचा असतो. त्यावर १ किलोला ५ ग्रॅमपेक्षा जास्त फरक दिसला तर मेकॅनिकला बोलवा. मेकॅनिकने सील तोडलं की जुना शिक्का संपला. नवा शिक्का बसेपर्यंत त्या काट्यावर एक पुडीही तोलायची नाही.

आता एक अशी चूक, जी भलेभले दुकानदार करतात आणि ज्यात कुणाचा हेतू वाईट नसतो. या काट्याच्या पट्टीवर किमान वजन १०० ग्रॅम छापलेलं असतं. वेलदोडा, लवंग, काळी मिरी ५० ग्रॅम मागितली आणि याच काट्यावर तोलली तर आकड्यात अडीच ग्रॅम इकडेतिकडे सहज होतात, म्हणजे पाच टक्के. साखरेत ते चालून गेलं असतं, वेलदोड्यात नाही. मसाल्यासाठी १ ग्रॅम किंवा त्याहून बारीक टप्प्याचा छोटा काटा वेगळा घ्या.

दांडीची तागडी वापरणाऱ्यांनी पारडी बदलून बघावं. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात माल, दांडी समतोल झाली की दोन्हींची अदलाबदल करा. दांडी झुकली तर तिचे दोन हात सारखे नाहीत. रिकामी तागडी समतोल दिसते म्हणून ती खरी, असं समजू नये. पासंग बांधून रिकामी तागडी कुणीही समतोल करतो. लोखंडी वजन उलटं करून खालच्या भोकातलं शिसं जागेवर आहे का तेही बघा. शिसं पडलं की वजन हलकं होतं आणि गिऱ्हाइकाला माल कमी जातो.

पायली, लिटर, किलो

वजनात फसवायला हात लागतो, मापात फसवायला सवयही पुरते. गावाकडे अजूनही ज्वारी-बाजरी पायलीने, अडशेरीने दिली-घेतली जाते. पायली गावागणिक वेगळी. शिवाय घेताना माप हलवून, दाबून, वर शीग लावून भरायचं आणि देताना वरून हात फिरवून सपाट करायचं, हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात काही वावगं वाटतच नाही. तोच तो मोठा एफा आणि लहान एफा. लूक ६:३८ मध्ये दाबून, हलवून, शीग लावून भरलेलं माप येतं ते देण्याच्या बाजूने येतं, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. व्यवहारापुरतं मात्र पायली सोडाच. कायद्यानेही ती चालत नाही. किलोत घ्या, किलोत द्या.

द्रवाचं गणित अजून नाजूक आहे. दुधाचं एक लिटर सुमारे १.०३ किलो भरतं. गवळ्याकडून लिटरच्या मापाने १०० लिटर घेतलं आणि पुढे किलोच्या काट्यावर तोच दर लावून दिलं, तर १०३ किलो होतात. वरचे तीन कुणाचे? उलट काट्यावर १ किलो तोलून ते लिटर म्हणून विकलं, तर गिऱ्हाइकाला जवळपास ३० मिली कमी जातं. दुधाचा व्यवहार घेतानाही किलोत करा, नाहीतर दोन्हीकडे लिटरमध्ये.

तेलाचं नेमकं उलटं आहे. खाद्यतेलाचं एक लिटर सुमारे ९१० ग्रॅम. घाण्याचं करडईचं तेल "किलोभर" मागणाऱ्याला लिटरचं माप भरून दिलं तर ९० ग्रॅम कमी. पिशवीबंद तेलात हल्ली लिटरपेक्षा कमी मालाच्याही पिशव्या येतात आणि त्या दिसायला लिटरच्या पिशवीसारख्याच. गिऱ्हाईक "एक पुडा द्या" म्हणालं की निव्वळ वजन किती ते तोंडाने सांगून द्या.

कापडवाल्यांचं थोडक्यात: शिक्क्याची धातूची मीटरपट्टी वापरा, कापड ताणून मोजू नका. गज ९१.४४ सेंटिमीटरचा, भाव मीटरचा सांगून माप गजाचं दिलं तर मीटरमागे साडेआठ सेंटिमीटर गेले.

मोंढ्यातलं गणित: ओल, बारदान, वानगी

सोयाबीनच्या हंगामात सगळ्यात जास्त वाद ओलीवरून होतात, आणि इथेच "आपण काही दांडी मारत नाही" म्हणणारा आडत्यासुद्धा सापडतो. सरकारी खरेदीचा नेहमीचा निकष १२ टक्के ओलाव्याचा आहे. माल १४ टक्के ओलीचा आला तर क्विंटलमागे किती कापायचं? कुणी दोन किलो कापतं, कुणी चार. हिशोब असा आहे: १०० किलोत १४ किलो पाणी, ८६ किलो सुका माल. तेवढाच सुका माल १२ टक्के ओलीला ९७.७३ किलो भरतो. म्हणजे खरी कपात २.२७ किलो. सूत्र सोपं आहे: मीटरवरच्या आकड्यातून १२ वजा करा, ८८ ने भागा, १०० ने गुणा. १६ टक्क्यांना ४.५५ किलो. एक टक्का ओलीला सव्वा किलोपेक्षाही थोडी कमीच कपात होते. माल वाळवायची मजुरी लावायची असेल तर ती भावात उघड सांगा, वजनात मुरवू नका.

आता हेच सूत्र उलट चालवा. माल १० टक्के ओलीचा आला तर त्याचं १२ टक्क्यांच्या हिशोबाने वजन १०२.२७ किलो. ओल जास्त म्हणून कापणारा, ओल कमी म्हणून वाढवून देतो का? देत नसेल तर त्याच्या पिशवीत दोन दगड आहेत, मीटर कितीही भारी असो.

मीटरचंही बघा. ढिगाच्या वरचं सोयाबीन वाळलेलं असतं, आतलं दमट. तीन जागचे, वेगवेगळ्या खोलीचे नमुने घ्या आणि सरासरी काढा. उन्हात तापलेला माल लगेच मीटरमध्ये टाकू नका, आकडा चुकतो. आणि ज्या मीटरवर शेतकऱ्याचा माल मोजला, त्याच मीटरवर ऑइल मिलला जाणारा मालही मोजून ठेवा. दोन आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहिले की मीटर कुणाच्या बाजूने बोलतोय ते महिन्याभरात कळतं. कापसालाही हेच लागू. तिथे ८ टक्के पाया धरतात आणि १२ च्या वर सरकारी खरेदी होत नाही, एवढाच फरक.

बारदान: दहा रिकामे कट्टे एकदम तोला आणि दहाने भागा. प्लॅस्टिकचा कट्टा दीडशे ग्रॅमही भरत नाही. त्याला तागाच्या मोठ्या पोत्याप्रमाणे किलोची कपात लावली तर प्रत्येक कट्ट्यामागे साडेआठशे ग्रॅम माल फुकट घेतला. शंभर कट्ट्यांना ८५ किलो.

वानगी: बघायला मूठभर घ्या आणि ढिगात परत टाका. दिवसभर पाच-पन्नास ढिगांवरून पसा-पसा उचललेली वानगी संध्याकाळी पोतं भरते, आणि ते पोतं कुणाच्याच पट्टीवर नसतं. बाजार समितीच्या नियमात नसलेली कुठलीही कपात हिशोबपट्टीवर लिहायला लाज वाटत असेल, तर ती कापूच नका. पट्टी हीच कसोटी.

नीतिसूत्रे २०:१४ घेणाऱ्यालाही सोडत नाही. "माल वाईट आहे, वाईट आहे" म्हणत भाव पाडायचा आणि घेऊन गेल्यावर फुशारकी मारायची, हे तिथे जसंच्या तसं आहे. डाग असेल तर डाग दाखवून भाव करा, माती असेल तर चाळून दाखवा. नसलेला दोष सांगू नका.

मालाची जात

आमोस ८:५-६ मधले व्यापारी सण आणि शब्बाथ (विसाव्याचा दिवस) कधी संपतोय याची वाट बघतात. एफा लहान, शेकेल मोठा, तराजू खोटा, आणि वरून गव्हाचं भुसकट विकायचं. आपल्याकडे त्याचं रूप म्हणजे चांगल्या डाळीखाली गेल्या सालची किडकी डाळ, हळदीच्या कट्ट्यात वर शेलम आणि तळाला चुरा.

घरचं सोयाबीन बियाणं म्हणून विकणाऱ्याने उगवण तपासल्याशिवाय "उगवतंच" असं म्हणू नये. ढिगातून हाताला येतील तसे, न निवडता, १०० दाणे घ्या. ओल्या बारदानावर ओळीत मांडून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजा. सोयाबीनच्या बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. ६० निघाले तर ६० सांगा. घेणारा एकरी बियाणं वाढवेल किंवा दुसरीकडे जाईल. खताच्या दुकानात छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त नको, आणि डीएपीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारणं, ज्याला लिंकिंग म्हणतात, तेही नको.

जनावरांच्या बाजारात देवणी असो की लाल कंधारी, दात उघडून दाखवा, खोड असेल तर सांगा. दुभत्या जनावराचं दूध एक वेळ तुंबवून कास भरलेली दाखवणं ही सरळ फसवणूक आहे. विकण्याआधी सकाळ-संध्याकाळ दोन्ही धारा घेणाऱ्यासमोर काढा. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवण्यात दलालाला दोन भाव माहीत असतात आणि मालकाला एक. भाव तोंडाने, तिघांसमोर ठरवा. मत्तय ५:३७ चं "हो तर हो, नाही तर नाही" इथे फार कामाला येतं.

मोठा सौदा असेल तर लिहून. यिर्मया संदेष्ट्याने त्याच्या पुस्तकाच्या ३२ व्या अध्यायात शेत घेतलं तेव्हा १७ शेकेल चांदी साक्षीदारांसमोर तराजूत तोलून दिली, आणि खरेदीखताची एक मोहोरबंद व एक उघडी अशी दोन खतं मातीच्या मडक्यात ठेवायला लावली. इसार पावतीच्या दोन प्रती करा, दोघांकडे एकेक. जमीन ठोक्याने (खंडाने) देता-घेताना लेवीय २५:१४-१६ चा धडा उपयोगी आहे: तिथे योबेल वर्षापर्यंत (दर पन्नासावं वर्ष, तेव्हा जमीन मूळ मालकाकडे परत जाई) किती पिकं निघतील त्यावर किंमत ठरते. साल अर्ध्यात सोडावं लागलं तर पैसे किती परत, हे पहिल्याच दिवशी पिकांच्या हिशोबाने लिहा.

उधारी, सवाई, गहाण

वहीतली नोंद गिऱ्हाइकासमोर करा आणि त्याच्या छोट्या वहीतही तीच लिहा. उधारीचा भाव रोखीपेक्षा वेगळा असेल तर माल देतानाच सांगा.

जूनमध्ये एक पोतं द्यायचं आणि सुगीत सव्वा पोतं (सवाई) किंवा दीड पोतं (दिढी) घ्यायचं, ही चाल अजून गेलेली नाही. पाच महिन्यांत सव्वा म्हणजे वर्षाला साठ टक्के. लेवीय २५:३५-३७ मध्ये हलाखीत आलेल्या भावाला अन्नधान्य वाढीने देऊ नका, असं स्पष्ट आहे. मग द्यायचं कसं? दोन सरळ वाटा आहेत. एक, जेवढे किलो दिले तेवढेच किलो, त्याच प्रतीचे परत. दुसरी, देण्याच्या दिवशीच्या भावाने रुपये लिहायचे आणि तेवढेच रुपये घ्यायचे. कुठली वाट, ते देतानाच ठरवून लिहा. सुगीत भाव चढला की धान्य मागायचं आणि पडला की रुपये, असं केलंत तर फायदा नेहमी तुमचाच. व्याजाने पैसे देण्याचा धंदा करायचा तर २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना लागतो. मंडळीतलाच माणूस आहे म्हणून सूट नाही.

गहाणाबद्दल शास्त्र फार रोखठोक आहे. जातं किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण तो माणसाचा जीवच गहाण घेतल्यासारखा आहे (अनुवाद २४:६). आज त्या जागी शिलाई मशीन, बैलजोडी, ऊसतोडीचा कोयता, मोटारपंप ठेवून बघा. रेशनकार्ड आणि एटीएम कार्ड ठेवून घेणं तर त्याहून वाईट. पुढच्याच वचनांत (२४:१०-११) गहाण आणायला घरात शिरू नका, बाहेर उभे राहा, तो आणून देईल, असं आहे. वसुलीला जाताना हे पाळा: उंबऱ्याबाहेर थांबा, बायकापोरांसमोर आकडा बोलू नका.

हमाल, तोलणारा, दुकानातला पोऱ्या यांची रोजंदारी त्याच संध्याकाळी (अनुवाद २४:१५). "बाजारच्या दिवशी देतो" ही सवय मोडा. उचल दिली असेल तर दर हप्त्याला किती कापणार ते आधी लिहा, आणि घरखर्चाला पुरेल इतकं हातात राहील एवढंच कापा.

चूक सापडली तर

काटा तपासताना कळलं की तो किलोमागे २० ग्रॅम जास्त दाखवतोय. काय करायचं? लेवीय ६:१-५ प्रमाणे मूळ रक्कम पूर्ण, वर पाचवा हिस्सा, आणि तेही अर्पण वेदीवर नेण्याआधी. स्वतःहून कबूल करणाऱ्यासाठी हा दर आहे. चोराकडे जनावर जिवंत सापडलं तर निर्गम २२:४ मध्ये दुप्पट. लूक १९ मधल्या जकातदार जक्कयाने चौपट कबूल केलं ते त्याच्या मनाने.

शेवटचा खरा आकडा कधी नोंदवला होता ते वहीत बघा. दर आठवड्याला तपासणी होत असेल तर चूक फार तर सात दिवसांची. समजा महिनाभर तपासणी राहिली. त्या महिन्यात ३०० किलो साखर ४५ रुपये भावाने गेली. तूट ६ किलो, २७० रुपये. पाचवा हिस्सा ५४. एकूण ३२४ रुपये. हेच डाळ, तांदूळ, गूळ सगळ्याला लावा. उधारीच्या वहीतली गिऱ्हाइकं माहीत असतात, त्यांच्या खात्यात रक्कम जमा करून सांगा, का जमा केली तेही सांगा. रोखीवाल्यांसाठी दुकानात पाटी लावा: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काटा चुकत होता, फरक घेऊन जा. थोडेच लोक येतील.

उरलेली रक्कम गल्ल्यात ठेवायची नाही. गणना ५:८ मध्ये भरपाई घ्यायला माणूस किंवा नातलगही उरला नसेल तर ती याजकाकडे जाते, देणाऱ्याकडे परत येत नाही. ती गावातल्या गरजूंना द्या. देणाऱ्यांच्या यादीत मात्र नाव लावून घेऊ नका आणि पावती दशमांशात धरू नका; ते पैसे गिऱ्हाइकांचे होते.